विक्री वाढली तरी पैसा उरंना, लाकडी घाण्याचा हिशेब कुणी बघून देता का?

उदगीरचा घाणेवाला

रामराम मंडळी. उदगीरला माझा एक लाकडी घाणा आहे, तीन एचपीच्या मोटरीवर. शेंगदाण्याचं तेल काढतो आणि तिथंच बाटलीत भरून विकतो. सीझनला शेतकऱ्यांची करडी मजुरीवर काढून देतो, 12 रुपये किलोनं. तो पैसा घरखर्चाला जातो, खालच्या हिशेबात धरलेला नाही.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास आमच्याच रस्त्यावर दुसरं दुकान निघालं. भाव लिटरला 290. माझा 320 होता. नेहमीची घरं तिकडं वळायला लागली म्हणून मीही 290 केला आणि आसपासच्या खेड्यांत घरपोच फुकट चालू केलं. विक्री वाढली हे खरं. महिन्याला 500 लिटर जायचं, आता 680 जायलंय. गल्ला 1 लाख 60 हजाराचा 1 लाख 97 हजार झाला. बाटल्या भरायला अर्ध्या दिवसावर एक पोरगं ठेवलं, त्याला 6,000.

पण पूर्वी सगळं जाऊन महिन्याला 20 हजार उरायचे. आता वही जुळवली की दीड-दोन हजार. दाणा उलट स्वस्त झालाय, 102 चा 98 ला मिळायलाय. मग पैसा कुठं जायलाय? घरची म्हणते पोराला काढा. साडू म्हणतो अजून 10 उतरव, हजार लिटरवर गेलास की आपोआप निघंल.

दुसरी अडचण. हैदराबादचा एक दुकानदार महिन्याला 300 लिटर मागतोय, 15 किलोच्या डब्यात, लिटरला 245 च्या हिशेबानं. भाडं त्याचं, पैसे 45 दिवसांनी. साडूनंच पाटीवर मांडून दाखवलं की मला लिटर 288 ला पडतं, 245 ला दिलं तर लिटरमागं 43 रुपये घरचे घालायचे. आकडा बरोबर दिसतो, पण 300 लिटरला नाही म्हणवंना.

मार्केटवाला संभाजीनगर

दादा, साडू बरोबर बोलतोय. भाव पाडा, मार्केट पकडा. सहा महिने कळ काढली की समोरचा शटर खाली ओढतो, मग भाव तुमच्या हातात. हैदराबादची ऑर्डर पण घ्या. व्हॉल्यूम हाच धंदा आहे.

दिवाणजी लातूर

सहा महिने कळ कशावर काढायची? महिन्याला दीड हजारावर?

घाणेवाले, मी लातूरच्या एमआयडीसीत एका दाळमिलच्या वह्या लिहीत म्हातारा झालो. तुमच्या पोस्टमध्ये भाव आहे, गल्ला आहे, पण मधलं काहीच नाही. एवढं सांगा. 100 किलो दाण्याला तेल किती किलो निघतं, पूर्वी आणि आता? पेंड किती निघते, काय भावानं जाते? बाटली, वीज, पोहोच लिटरमागं किती? आणि एक लिटर विकलं नाही तरी महिन्याला जे द्यावंच लागतं ते किती? शेवटचं म्हणजे, समोरच्याकडं लाकडी घाणा आहे की लोखंडी एक्सपेलर, म्हणजे दाबून तेल काढायचं मशीन?

उदगीरचा घाणेवाला

दिवाणजी, वही समोर ठेवून लिहितो.

उतारा पूर्वी 42 किलो होता, म्हणजे साधारण 46 लिटर. आता 39 च्या आसपास, साडेबेचाळीस लिटर धरा. हा दाणा थोडा बारीक आहे, चिमलेला जास्त. पेंड पूर्वी 54 किलो निघायची, 40 नं जायची. आता 57 निघते, पण 30 च्या वर कुणी मागंना. बाटली, बूच, लेबल, खोकं मिळून 15, वीज 4, पोहोच पूर्वी 6 पडायची, आता खेड्यांत जातो म्हणून 11.

बसल्या जागेचा खर्च: भाडं 9,000, गडी 13,000, बँकेचा हप्ता 14,500, मीटरचा स्थिर आकार, फोन, दुरुस्ती असं धरून 3,500. एकूण 40 हजार. पोराचे 6 धरून आता 46.

समोरच्याकडं एक्सपेलर आहे, आणि जागा घरची.

दिवाणजी लातूर

आता बोलता येईल. लांब लिहितो, कागद-पेन्सिल घेऊन बसा.

गल्ल्याकडं बघणं आधी सोडा. एक लिटर विकल्यावर, त्या लिटरसाठी जो पैसा गेला तो काढून, हातात काय सुटतं तेवढंच बघायचं. भाडं, गडी, हप्ता इथं आणायचा नाही.

पूर्वीचं: 100 किलो दाणा 10,200 चा. पेंडीचे 2,160 आले, राहिले 8,040. त्याचं 46 लिटर, म्हणजे लिटरला 175. वरचा खर्च 25. लिटर 200 ला पडलं, 320 ला गेलं, 120 सुटले. 500 लिटरचे 60 हजार. त्यातून 40 हजार बसल्या जागेचे गेले, 20 राहिले. वही बरोबर.

आताचं: दाणा 9,800 चा. पेंडीचे 1,710. राहिले 8,090, आणि तेल साडेबेचाळीस लिटर. लिटरला 190. वरचा खर्च 30. झाले 220. विकता 290 ला, सुटतात 70. 680 लिटरचे 47,600. त्यातून 46 हजार गेले, राहिले 1,600. चोरी वगैरे काही नाही. पैसा कुठं गेला तेही सांगतो.

180 लिटर जास्त विकलं, जुन्या 120 च्या हिशेबानं 21,600 जास्त यायला हवे होते. पण भाव 30 नं उतरवला तो फक्त नव्या गिऱ्हाइकाला नाही, जुन्या 500 लिटरलाही. 680 वर 20,400 गेले. म्हणजे वाढलेल्या विक्रीनं जे आणलं ते भावानं जवळजवळ सगळं खाल्लं. पुढं लिटरमागं खर्च 20 नं वाढला, त्याचे 13,600. पोराचे 6,000. बेरीज-वजाबाकी करा, बरोबर 18,400 ची तूट येते.

आता साडूंचं गणित. भाव 320 चा 290, म्हणजे नऊ-साडेनऊ टक्के उतरला. लोकांना वाटतं दहा टक्के जास्त विकलं की भरून निघालं. तसं नसतं. उतरलेले 30 रुपये 320 मधून जात नाहीत, जे 120 सुटत होते त्यातून जातात. 120 चे 90 झाले, म्हणजे चौथा हिस्सा गेला. खर्च अजिबात वाढला नसता तरी पूर्वीचेच 60 हजार उभे करायला 667 लिटर विकावं लागलं असतं, तेहतीस टक्के जास्त. तुम्ही 680 विकलं, म्हणजे भाव उतरवून एवढी धावपळ करून जागच्या जागी आलात, आणि वर पोराचा पगार बसला.

अजून 10 उतरवून 280 केला तर लिटरमागं 60 राहतात. जुने 20 हजार हातात यायला 1,100 लिटर लागेल. हजार लिटरला रोज सहा घाणे काढावे लागतील, तेव्हा पोरगं पूर्ण दिवसाचं लागेल, आणि शेतकऱ्याची करडी कधी काढणार? घरखर्चाचा पैसा तिथून येतो असं तुम्हीच लिहिलंय.

स्वस्त दाण्याचं बघा, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. किलोला 4 रुपये वाचले म्हणून तुम्ही खूश. त्यानं लिटरमागं नऊ-साडेनऊ वाचले, कबूल. पण उतारा 42 चा 39 झाला त्यानं साधारण 12 वाढले, आणि पेंड 40 ची 30 झाली त्यानं 13 वाढले. आजच्याच पेंडीच्या भावात 102 चा चांगला भरलेला दाणा घेतला असता तर 10,200 मधून 54 किलो पेंडीचे 1,620 वजा, राहतात 8,580, भागिले 46, लिटरला 186.50. महाग दाण्याचं तेल साडेतीन रुपयांनी स्वस्त. दाळमिलमध्येही असंच. तूर घेताना भावापेक्षा मालक आधी मूठभर दाणे दाताखाली धरायचा. ओल जास्त लागली की सौदा मोडायचा, कारण दाळीचा उतारा एका टक्क्यानं जरी घसरला तरी आडतीत वाचवलेलं सगळं जायचं. तुम्ही रोज एक घाणा तोलून लिहा. दाणा किती घातला, तेल किती, पेंड किती. बाजारातली घासाघीस त्याच्यापुढं काहीच नाही.

पेंडीला तुम्ही काही करू शकत नाही. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस नावाचा चोथा निघतो, तो पशुखाद्यात आला आणि सोयाबीनच्या पेंडीचा भाव मोडला. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 असताना आपल्याकडच्या शेतकऱ्यानं त्याच्या खाली विकलं, त्यामागं हेही एक कारण होतं. सोयाबीनची पेंड पडली की बाकीच्या पेंडींनाही भाव राहत नाही. तेव्हा 40 चा भाव परत येईल असं धरून हिशेब करू नका. 30 च धरा.

आणखी एक. वाढलेलं 180 लिटर सगळं भाव उतरवल्यामुळं आलं असं समजू नका. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून 20 टक्के केली. पाकिटातलं तेल महागलं, घाण्याच्या तेलातला फरक कमी झाला, तेव्हा काही लोक तसेही तुमच्याकडं आले असतील. मे 2025 च्या अखेरीला तीच ड्युटी 10 टक्क्यांवर आणली. म्हणजे 290 लाच ठेवून पण 680 टिकेलच असं नाही.

आणि टिकलं नाही तर? पूर्वी 40 हजार भागायला 333 लिटर पुरायचं. त्याला ब्रेक-ईव्हन म्हणतात. 500 वर होतात, म्हणजे 167 लिटर कमी गेलं तरी पदरचं घालावं लागत नव्हतं. आता 46 हजार भागिले 70, म्हणजे 657 लिटर. तुम्ही 680 वर आहात. 23 लिटरची मोकळीक. एखाद्या पावसाळी आठवड्यात खेड्यांचे रस्ते बंद झाले की संपली. विक्री दहा टक्क्यांनी घसरली तर पूर्वी 20 चे 14 हजार व्हायचे, आता सरळ 3,160 चा तोटा. धंदा मोठा दिसतो पण पूर्वीपेक्षा जास्त नाजूक झालाय.

एक्सपेलरवाल्याशी भावात लढू नका. त्याचा उतारा तुमच्यापेक्षा दोन-चार किलोनं जास्त असणारच, आणि जागा घरची म्हणजे तुमचे 9,000 त्याला लागत नाहीत. 290 ला तुम्हाला 70 सुटतात तेव्हा त्याला किती सुटत असतील बघा. तो शटर ओढायच्या आधी तुम्ही ओढाल. संभाजीनगरच्या भाऊंनी वाईट वाटून घेऊ नये.

परभणीची पापडवाली

दिवाणजींचं वाचून मीपण वही काढली बरं का! माझा पापड-शेवयांचा घरगुती धंदा आहे.

दादा, भाव वाढवायला भिऊ नका, पण गुपचूप वाढवू नका. मी उडदाची दाळ महागली तेव्हा व्हॉट्सअपवर सरळ लिहिलं की ताई, जुन्या भावात हलकी दाळ घालावी लागेल, मला ते करायचं नाही. काही बायका गेल्या. गेल्या त्या नेहमी पाव किलो घेणाऱ्या होत्या, लग्नाची पाच किलोची ऑर्डर देणाऱ्या नव्हत्या.

दोन गोष्टी करून बघा. फुकट घरपोच पाच लिटरच्या वरच द्या. मी किमान ऑर्डर ठरवली तेव्हा गल्लीतल्या बायका मिळून मागवायला लागल्या, एका खेपेत काम होतं. आणि पाच लिटरचा कॅन ठेवा. कॅन 40 चा आला तर लिटरमागं 8 पडतात, तुमची बाटली-लेबल 15 खाते. त्यातले 3 गिऱ्हाइकाला सोडा, 4 तुमचे.

आणि एक विचारते, राग मानू नका. पोरगं ठेवायच्या आधी बाटल्या कोण भरत होतं? वहिनीच ना? त्यांचा पगार वहीत कुठं दिसला नाही. तुमचापण नाही. म्हणजे ते 20 हजार नफा नव्हताच, दोघांची मजुरी होती.

दिवाणजी लातूर

ताईंनी बरोबर बोट ठेवलं. वहीत मालकाची मजुरी न लिहिणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. हप्त्याबद्दलही लोक म्हणतील की त्यातलं मुद्दल हा खर्च नाही. खरं आहे, खर्च फक्त व्याज. पण घाण्याची झीज तुम्ही धरलेलीच नाही, तेव्हा मुद्दल तिच्या जागी राहू द्या, तुमच्या मापाच्या धंद्याला एवढं चालतं.

आता भाव. 290 वर राहून 1,600 मिळतात. 310 केला तर खर्च तोच धरून 90 सुटतील. तेवढेच 47,600 यायला 529 लिटर पुरे. म्हणजे 150 लिटरचं गिऱ्हाईक तुटलं तरी तुम्ही आज जिथं आहात तिथंच राहता, आणि 530 लिटरला ते पोरगं लागत नाही, म्हणजे वर 6,000 वाचले. अगदी जुन्या 320 वर गेलात, जुनं 500 लिटरच राहिलं, आणि खर्च आजचाच 220 धरला, तरी 50 हजारातून 40 जाऊन 10 हजार उरतात. एवढं जास्त राबून 1,600 आणि 180 लिटर सोडून देऊन 10,000. साडूंना हे दाखवा.

माझं म्हणाल तर 320 नको, 310. एकदम मागं गेलं की लोक म्हणतात बघा, वेडा होता.

हैदराबादबद्दल साडूंचं गणित वेगळ्या ठिकाणी फसतं. त्यांनी 46 हजार 680 नं भागून 68 काढले आणि 220 मध्ये मिळवून 288 केले. पण ते 46 हजार दुकानातल्या 680 लिटरनं भरून झालेत. हैदराबादला माल गेला म्हणून जागामालक भाडं वाढवणार आहे का? गड्याचा पगार वाढणार आहे का? नाही. मग त्या 300 लिटरवर फक्त त्याचाच खर्च घाला. तेल 190, डबा लिटरमागं 6, वीज 4. झाले 200. बाटली नाही, पोहोच नाही. 245 ला दिलं तर 45 सुटतात, महिन्याला 13,500. आणि हैदराबादचं गिऱ्हाईक उदगीरला येऊन भाव विचारत नाही, म्हणून दुकानाचा भावही बिघडत नाही. हाच भाव गावातल्या एखाद्या हॉटेलला दिला असता तर मी नको म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं असतं.

पण हे उलटूही शकतं. घाण्याचे तास मोजा. एका घाण्यात 15 किलो दाणा, साधारण तासाभराचं काम, 6.4 लिटर तेल. दुकानात विकलं तर त्या तासाचे आजच्या भावात 448 होतात. हैदराबादला दिलं तर 288. शेतकऱ्याची करडी काढली तर 15 किलोचे 180. घाणा रिकामा आहे तोवर ऑर्डर चांगली. सणाला दुकानातली गिऱ्हाइकं परत पाठवून डबे भरायची वेळ आली, तर तासाला 160 बुडतात. म्हणून त्याला दिवाळीच्या महिन्याचं कबूल करू नका. करडीचे 180 कमी दिसतात, पण त्यात तुमचं भांडवल रुपयाचं नाही आणि उधारी नाही, शेतकरी डबा उचलताना पैसे देतो. ती मोडू नका.

उधारीचं मला बरं वाटत नाही. 300 लिटरला सात क्विंटल दाणा लागतो, 69 हजारांचा, आणि आडत्या तुम्हाला 45 दिवस थांबत नसणार. दीड महिन्याचा माल बाहेर म्हणजे 1 लाख 10 हजार त्याच्याकडं कायम अडकलेले. नफा वहीत दिसेल आणि दाणा घ्यायला खिशात पैसा नसेल. त्यासाठी कर्ज काढलंत तर व्याज त्या 45 मधून जाईल. अर्धे आगाऊ, अर्धे माल पोचल्यावर, असं बोला. तो 245 चे 240 म्हणाला तरी घ्या, 40 सुटतातच. एकदा बुडवलेला डबा भरून काढायला सहा डबे विकावे लागतात हे त्याला सांगायची गरज नाही, तुम्ही लक्षात ठेवा.

नांदेडचा टॅक्सवाला

दिवाणजींच्या हिशेबात एक गोष्ट राहिली, म्हणून लिहितो. हैदराबाद दुसऱ्या राज्यात आहे.

महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या धंद्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तुमची तेलाची उलाढाल त्याच्या आत आहे. पण राज्याबाहेर कर लागणारा माल विकला की ही सूट राहत नाही, पहिल्याच बिलापासून नोंदणी सक्तीची. कुणी सांगेल की कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठोक कराची योजना, घ्या, एक टक्क्यात सुटाल. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर विकताच येत नाही. म्हणजे साधी नोंदणी.

आणि नोंदणी झाली की दुकानातली प्रत्येक बाटलीही 5 टक्क्यांत आली. 290 हाच गिऱ्हाइकाचा भाव ठेवला तर त्यातले 13 रुपये 80 पैसे कराचे. दाणा, बाटली, डबा यांवर भरलेल्या कराची वजावट मिळते, दाण्याचं पक्कं बिल असेल तर बराचसा भाग फिटतो. कच्च्या चिठ्ठीवर घेत असाल तर दाण्याचं काही फिटत नाही. बाटलीवरचं जास्तीचं क्रेडिट, म्हणजे न वापरलेली वजावट, साचलं तर तेही रोख मिळणार नाही, खाद्यतेलाला तो परतावा जुलै 2022 पासून बंद आहे. शिवाय रिटर्न भरून देणाऱ्याची फी, ती तुमच्या 46 हजारात जाऊन बसेल.

तेव्हा 13,500 मधून आधी हे वजा करा. कच्च्या चिठ्ठीवर दाणा घेत असाल तर 680 वर 13.80 म्हणजे बाटलीची वजावट न धरता 9,384. त्यात फी घाला, शिवाय डब्याच्या 245 मध्ये कर धरलाय की वर, तेही बघा. मग हैदराबादसाठी राबून काय राहिलं?

उदगीरचा घाणेवाला

बाप रे. दाणा निम्मा पक्क्या बिलावर घेतो, निम्मा ओळखीच्या आडत्याकडनं चिठ्ठीवर.

दिवाणजी, काल एक घाणा तोलला. 15 किलो घातला, तेल 5 किलो 800. म्हणजे 39 पण पुरं नाही. आज दुकानातल्या शिलकीतला जुना मोठा दाणा होता तो टाकला, 6 किलो 250 आलं. दोन्ही दुपारच्याच वेळी, तीच मोटर, तोच गडी. साडूला बोलावून दाखवलं. तो म्हणाला तराजू बघ.

1 तारखेपासून 310 करायलोय. घरपोच पाच लिटरच्या वर. ताई, तुमचा मेसेज जरा बदलून मीच टाकतो ग्रुपवर. पोराला काढत नाही, बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी बोलावतो, महिन्याला अडीच हजार. घरचीला म्हटलं तुझा पगार लिहायचा म्हणतायत, ती म्हणाली आधी मागचा बाकी लिहा.

हैदराबादवाल्याला काय सांगू? नोंदणीच्या भानगडीत आत्ता पडावं वाटंना.

नांदेडचा टॅक्सवाला

त्याला सांगा, लातूर किंवा नांदेडचा एखादा नोंदणी असलेला व्यापारी बघ. तुम्ही त्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रातच विका, पुढं पाठवणं त्याचं. तो लिटरमागं काहीतरी कापणार, आणि तुमच्याकडून घेतलेल्या मालावर त्याला क्रेडिट मिळत नाही म्हणून जरा जास्तच कापेल. 230 पर्यंत आला तरी विचार करा.

दिवाणजी लातूर

230 ला 30 सुटतात, तासाचे 192. करडीच्या 180 पेक्षा जेमतेम बरं, आणि करडीत भांडवल लागत नाही. म्हणून करडीच्या सीझनला नको, बाकी महिन्यांत रोख देत असेल तर हो. 225 च्या खाली आला तर फोन ठेवून द्या.

चांगला दाणा, पोहोच पुन्हा 6 आणि भाव 310 असं धरलं तर लिटर 211.50 ला पडतं, साडेअठ्ठ्याण्णव सुटतात. पोराचे अडीच हजार धरून बसल्या जागेचे साडेबेचाळीस. 432 लिटरला भागतं. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक तुटेल, 560 वर आलात तरी घाबरू नका, साडेबारा हजार उरतात. 450 च्या खाली गेलं तर इथं येऊन सांगा, तेव्हा 305 चं बघू. आणि चिठ्ठीवरच्या आडत्याला म्हणावं दाणा पाठवायच्या आधी नमुना पाठव, 15 किलोचा, घाणा काढून बघूनच सौदा करीन.